वाट मोकळी ठेवून

२०२४ सालच्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या आल्याची वार्ता आमच्या घरी आणली ती आमच्या नातवाने. दप्तर ओटीवर टाकून तो धापा टाकीत आत आला आणि पाण्याच्या पेल्याला हातही न लावता म्हणाला, "आजी, आजोबा, किल्ल्यात वाघ आलाय! आम्ही सगळी मुलं जातोय. मला फोटो काढायचाय." बिबट्याला आमच्याकडे आजही सर्रास वाघच म्हणतात, तेव्हा त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. परंतु त्याच्या डोळ्यांतली ती चमक आमच्या ओळखीची होती. आम्ही उभयतांनी एकाच क्षणी, एकाच स्वरात "नाही" म्हटले. आमच्या प्रदीर्घ संसारात असे एकमताचे प्रसंग फार आले नाहीत, त्यामुळे पोरगा चपापलाच.

"मी लांबूनच काढीन. झूम करून," तो कुरकुरला.

आम्ही काहीच बोललो नाही. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मात्र आम्ही माळ्यावरची जुनी पेटी उतरवली. तळाशी, मुलांच्या प्रगतिपुस्तकांखाली, एक खाकी लिफाफा होता. त्यातले छायाचित्र तीस वर्षांत आम्ही कोणालाही दाखवले नव्हते. ते नातवापुढे ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे काय आहे?"

प्रश्न रास्त होता. त्या चित्रात काळोख आहे, कारवीच्या कुडाच्या दोनचार तिरप्या रेघा आहेत आणि मधोमध दोन पांढऱ्या चकत्या आहेत. त्या चकत्या म्हणजे एका बिबट्याचे डोळे. दीड हात अंतरावरून आम्ही ते टिपले होते.

त्या काळी आम्ही दोघेही एकाच शाळेत शिकवीत असू. छायाचित्रणाचा छंद आम्हांला लग्नानंतर जडला. नात्यागोत्यातली लग्ने, मुलांचे पहिले कम्युनियन, गावचे सण यांचे फोटो आम्ही हौसेने काढीत असू. कॅमेरा एकाच्या गळ्यात, बॅटरी दुसऱ्याच्या हाती, अशी आमची कामाची वाटणी ठरलेली होती. १९९४ साली आमच्या मनाने एक नवी उचल खाल्ली. तुंगारेश्वराचे जंगल आमच्या डोळ्यांदेखत विरळ होत चालले होते. (पुढे २००३ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले, तेव्हा त्याला ते संरक्षण नव्हते.) मुलांना रानाविषयी, रानातल्या जिवांविषयी माया वाटावी, या हेतूने शाळेत चित्रप्रदर्शन भरवण्याचे आम्ही ठरवले. फुलपाखरे, पक्षी, वानरे जमली. प्रदर्शनाच्या मधोमध लावण्याजोगे चित्र तेवढे मिळत नव्हते. आम्हांला बिबट्या हवा होता, आणि तो जवळून हवा होता. वर्गात आम्ही हे बोलून दाखवले होते. मुले अशा गोष्टी विसरत नाहीत.

डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्या दारावर थाप पडली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याचे काका स्कूटर घेऊन उभे होते. "सर, टीचर, गोठ्यात वाघ शिरलाय. पोराने तुम्हांला आणायला सांगितलंय." आम्ही कपडे बदलले, रीळ भरले आणि निघालो.

तिथे पोहोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होते. कुत्र्यामागे धावता धावता बिबट्या रिकाम्या गोठ्यात शिरला होता. कुत्रा निसटला होता. बिबट्या मात्र बाहेर जमलेल्या माणसांच्या कोलाहलाने आतल्या कोपऱ्यात दबून बसला होता. वनखात्याकडे माणूस धाडला होता, तो परतायचा होता. त्या घरची वृद्ध आजी ओट्यावर बसून एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगत होती : "गोठ्याकडे कोणी फिरकू नका. गडबड थांबवा. काळोख पडला की जाईल तो आपल्या वाटेने." तिचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. आम्हीही घेतले नाही. आम्ही शिकलेले होतो, आणि शिवाय आमचा हेतू उदात्त होता.

गोठ्याच्या मागल्या कुडाला एक भोक होते. आमच्यापैकी एकाने त्यातून बॅटरीचा झोत सोडला, दुसऱ्याने भिंग आत खुपसले आणि कळ दाबली. फ्लॅशचा लखलखाट झाला. त्यापुढचे सारे तीनचार क्षणांत घडले. कानठळ्या बसवणारी एक डरकाळी, कुडावर बसलेला धक्का, आणि मग समोरच्या दाराच्या बाजूने उठलेली किंकाळी. प्रकाशाने आंधळे झालेले ते जनावर असलेल्या एकमेव वाटेने बाहेर धावले होते. त्या वाटेत, दाराच्या चौकटीशी, आमचा विद्यार्थी उभा होता. आपले शिक्षक वाघाचा फोटो कसा काढतात, हे त्याला पाहायचे होते.

बिबट्या त्याच्यावर धावून गेला नाही, त्याला ओलांडून गेला. एवढे म्हणण्याइतका न्याय आम्ही त्या जनावराला आज देऊ शकतो. परंतु जाता जाता त्याच्या पंजाने मुलाचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. अकरा टाके पडले. रेबीजची इंजेक्शने झाली. इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही मान खाली घालून बसलो होतो. आजी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रागावेल, शिव्या देईल, अशी आमची अपेक्षा होती. तिने शांतपणे एवढेच विचारले, "फोटो काढलात, पण त्याला जायला वाट ठेवलीत का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

खरी शोकांतिका पुढेच होती. आठवड्याभराने रीळ धुऊन आले. बाकीचे सारे फोटो बरे होते. हा एक नीट आलाही नव्हता. तरी त्याच्या प्रती निघाल्या, हातोहात फिरल्या. बिबट्या पकडावा म्हणून गावाने जो अर्ज केला, त्याला पुरावा म्हणून आमचेच छायाचित्र जोडले गेले. पिंजरा आला, आत शेळी बांधली गेली आणि चौथ्या रात्री बिबट्या अडकला. त्याला ट्रकमधून नेताना पाहायला सारा गाव लोटला. 'लांबच्या रानात सोडला' एवढेच पुढे ऐकले. तो तोच होता की दुसराच कोणी, हे कोणी विचारले नाही. जानेवारीत आमचे प्रदर्शन भरले, त्या चित्राला मधली जागा मिळाली, पाहुण्यांनी आमच्या धाडसाचे कौतुकही केले. मात्र पहिलीतली एक मुलगी ते पाहून जी रडू लागली ती थांबेना. पुढे कित्येक दिवस ती एकटी घरी जायला तयार नव्हती. रानाविषयी माया निर्माण करायला निघालेल्या आम्ही एक मूल जायबंदी केले, एक जनावर हद्दपार केले आणि एका पोरीच्या मनात जन्माची भीती भरली. प्रदर्शन संपताच आम्ही ते चित्र काढून लिफाफ्यात घातले.

त्यानंतर वन्यप्राण्यांचे छायाचित्रण आम्ही सोडले. वाचन मात्र वाढले. अपराधी मनाला वाचनाचा मोठा आधार असतो, आणि कधी कधी तेच वाचन त्याला अधिक टोचतेही. 'लांबच्या रानात सोडला' म्हणजे काय झाले असेल, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी जुन्नरच्या अभ्यासावरून कळले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मग बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडण्यास प्रारंभ झाला आणि ही सरासरी सतरावर गेली. आपल्या मुलखातून उचलून अनोळखी रानात टाकलेले जनावर बिथरते, परतीची वाट शोधते आणि त्या वाटेत माणसांची गावे येतात. संकट दूर धाडले असे आपल्याला वाटते. आपण ते केवळ दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवलेले असते. आमच्या त्या चित्राने कोणाच्या दारी काय नेऊन ठेवले, या विचाराने आम्ही कितीतरी रात्री जागून काढल्या.

जनावराच्या मनात परतीची वाट किती घट्ट असते, याचे एक उदाहरण तर आमच्याच परिसरातून गेले. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला प्रेमाने 'आजोबा' हे नाव दिले. हे आजोबा सुमारे एक महिना चालत राहिले. कसाऱ्याजवळ त्यांनी लोहमार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक वसाहतीतून ते गेले, खाडी पोहून पार केली आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचले. शंभराहून अधिक किलोमीटरच्या त्या प्रवासात त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. पुढे २०११ सालच्या डिसेंबरात रस्त्यावर वाहनाची धडक बसून ते मरण पावले. २०१४ साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

हे सारे आम्ही नातवाला सांगितले. मुलांचे मन सरळ असते, ती आडवळणे घेत नाहीत. तो म्हणाला, "म्हणजे वाघाचा फोटो काढूच नये का?"

वाचकहो, तीस वर्षे आम्ही स्वत:ला 'होय, काढूच नये' असे बजावीत आलो होतो. परंतु त्या मुलासमोर ते म्हणवेना, कारण ते खरे नव्हते. न काढलेल्या चित्रांनीही जनावरे मरतात. ज्याला आपण कधी पाहिले नाही, त्याच्याविषयी आपण ऐकीव गोष्टींवर मत बनवतो. आणि बिबट्याविषयीच्या ऐकीव गोष्टी कशा असतात, हे सर्वश्रुत आहे. जवळून काढलेले चांगले चित्र त्या भयाच्या जागी एक चेहरा ठेवते. प्रश्न एवढाच की जवळ कोणी जायचे आणि कसे.

याचे उत्तर एका वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे इंग्रज गृहस्थ त्या वेळच्या संयुक्त प्रांतात वनखात्यात होते. त्या काळात साहेब लोक वाघाजवळ जात ते बंदूक घेऊन. चॅम्पियनना शिकारीची आवड नव्हती. रात्री वाघ ज्या पायवाटेने जातो, तिच्या कडेला ते कॅमेरा बांधीत आणि वाटेवर एक बारीक तार आडवी लावीत. तारेला वाघाचा पाय लागला की दारूचा उजेड होई आणि वाघ आपले चित्र आपणच काढी. १९२५ साली त्यांची वाघांची छायाचित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली, १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. मोकळ्या रानातला वाघ जगाने जवळून पाहिला तो असा. चॅम्पियनच्या उजेडानेही वाघ दचकत असणारच; ते आम्ही नाकारीत नाही. पण त्या वाघाच्या पुढेही रान होते आणि मागेही रान होते. नरभक्षक वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेले जिम कॉर्बेट यांनी चॅम्पियनच्या चित्रांपासून स्फूर्ती घेतली आणि बंदुकीच्या जोडीला कॅमेरा धरला. चलच्चित्राच्या यंत्राची घरघर वाघांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी एका ओढ्याचे पाणी अडवून लहानसा धबधबा तयार केला, त्या आवाजाच्या आडोशाला आपण लपून बसले आणि वाघ आपल्या पायांनी येईपर्यंत महिनेच्या महिने थांबले. आम्ही मात्र एक दिवस मावळेपर्यंतही थांबलो नव्हतो.

चॅम्पियनच्या तारेचीच पुढची पिढी म्हणजे आजचा कॅमेरा-सापळा. नाव सापळ्याचे असले तरी त्यात अडकते ते केवळ चित्र. झाडाच्या बुंध्याला, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पेटी बांधतात. समोरून ऊबदार शरीर हलत गेले की तिला ते जाणवते आणि आतला कॅमेरा आपोआप चालतो. बऱ्याच पेट्यांचा उजेड तर डोळ्यांना दिसतही नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेट्या लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर नसतात. वाघाचे पट्टे काय किंवा बिबट्याचे ठिपके काय, एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखाच हा प्रकार. डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळे येथे नव्वदच्या दशकात या चित्रांवरून वाघांची संख्या काढण्याची रीत बसवली. ती नातवाला समजावताना आम्ही आमच्या वाडीतल्या बावखलाचा दाखला दिला. बावखलातले दहा मासे धरून खूण करून सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा धरले आणि त्यांत पाच खुणेचे निघाले, तर बावखलात अंदाजे वीस मासे असणार. वाघाला खूण करावी लागत नाही. ती देवाने आधीच करून ठेवली आहे. पाहण्यापुरता धीर तेवढा आपल्याकडे हवा. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक चित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. इतकी चित्रे, आणि त्यांतल्या एकाही चित्राच्या वेळी कळ दाबायला माणूस तिथे नव्हता!

या चित्रांनी केवळ संख्याच सांगितली असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे दाट रान नाही, ऊस आणि घरे आहेत, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे डॉ. अत्रेय यांच्या चमूने कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. माणसे दिवसा ज्या वाटेने जात, बिबटे रात्री त्याच वाटेने जात, आणि तरीही त्यांच्याकडून त्या भागात कोणाचा जीव गेल्याची नोंद नव्हती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ च्या अभ्यासात अंदाजे पस्तीस आणि २०१८ च्या अभ्यासात सत्तेचाळीस बिबटे मोजले गेले. याच उद्यानाभोवती २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत कितीतरी माणसे दगावली होती आणि मुंबईकरांच्या तोंडी 'पकडा' याखेरीज शब्द नव्हता. पुढे २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. कचरा आवरा, मुलांना अंधारात एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, हे वस्त्यावस्त्यांतून सांगू लागले. त्या सांगण्यामागे या चित्रांचे बळ होते. आपला शेजारी कोण, तो कोणत्या वाटेने जातो आणि आपल्यापासून किती जपून राहतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

एका चित्राने तर खरोखरीची वाट बांधून दिली. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या कुशीत, चारी बाजूंनी महामार्गांनी वेढलेल्या टेकड्यांत, एक डोंगरी सिंह राहत होता. हे आपल्याकडच्या बिबट्याएवढेच अंगापिंडाचे मार्जार. अभ्यासकांनी त्याला 'पी-२२' हा क्रमांक दिला होता. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकाराने वर्षभराहून अधिक काळ कॅमेरे लावून ठेवले, तेव्हा कुठे एका रात्री हा प्राणी हॉलिवूडच्या त्या विख्यात अक्षरांखालून चालत गेला. २०१३ साली ते चित्र प्रसिद्ध झाले आणि आपल्या शहरात असा कोणी राहतो, हे लाखो लोकांना प्रथमच उमगले. या प्राण्यांना महामार्ग ओलांडता यावा म्हणून दहा पदरी रस्त्यावर माती आणि झाडे असलेला पूल बांधण्याची जी चळवळ होती, तिचा पी-२२ हा चेहरा झाला. २२ एप्रिल २०२२ रोजी त्या पुलाचे भूमिपूजन झाले. स्वत: पी-२२ ला तो लाभला नाही, वार्धक्य, व्याधी आणि वाहनाच्या धडकेने झालेल्या जखमा यांमुळे त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्याला शांतपणे मृत्यू देण्यात आला.

नातवाने यावर विचारले, "पण धाडसी फोटोग्राफर जवळ जातातच ना?" जातात, आणि त्यांतले जे जाणते असतात ते जनावराची मर्जी ओळखून जातात. तरीही अंतर हे शेवटी जनावराने ठरवायचे असते. मिचिओ होशिनो हे जपानी छायाचित्रकार अलास्कातल्या अस्वलांचे नितांत प्रेमी. त्यांच्या चित्रांत अस्वल क्रूर दिसत नाही, आई दिसते. १९९६ सालच्या ऑगस्टमध्ये रशियातल्या कामचाटका येथे, कुरिल सरोवराकाठी, तंबूत झोपले असता एका अस्वलाने त्यांना ओढून नेले. ते अस्वल माणसांच्या हातच्या खाद्याला चटावले होते, असे सांगतात. म्हणजे जनावराची वाट आधी कोणीतरी माणसाकडे वळवली होती, आणि तिचे मोल भरावे लागले ते एका सज्जन माणसाला. आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. अभयारण्यात छायाचित्रणाची परवानगी मिळते. परंतु अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना अपाय न होऊ देता, ही अट २०२२ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत घातली आहे. आमच्या आजीबाईने ती अट अठ्ठावीस वर्षे आधी एका प्रश्नात सांगितली होती.

किल्ल्यातला तो बिबट्या तीन आठवड्यांहून अधिक काळ हुलकावणी देत राहिला. वनखात्याने तिथे कॅमेरे लावले, पिंजरे लावले. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडला. तोवर मोबाइल उंचावून भिंतीभिंतीने हिंडणारी पोरे होतीच. आमचा नातू त्यांत नव्हता. मात्र त्याने आम्हांला एक प्रश्न विचारला होता, आणि तो आम्हांला स्वस्थ बसू देईना : "त्या मुलाला तुम्ही सॉरी म्हणालात का?"

आम्ही इस्पितळाचा खर्च केला होता. पुढे त्याच्या वह्यापुस्तकांचा भार उचलला होता. त्याच्या लग्नात फोटोही काढले होते. पण ते शब्द मात्र आम्ही कधीच उच्चारले नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. आजी केव्हाच निवर्तली आहे. आमचा तो विद्यार्थी आता चव्वेचाळीस वर्षांचा बागायतदार आहे. जुना गोठा पडला. त्या जागी चिकू आहेत. त्याने सरबत दिले, आणि आम्ही काही बोलण्याआधीच आम्हांला मागल्या बाजूला घेऊन गेला. कुंपणापलीकडे डोंगराकडे जाणारी पायवाट होती आणि तिच्या कडेला एका झाडाला साखळीने बांधलेली पेटी होती. अभ्यासकांनी त्याची परवानगी घेऊन ती लावली होती. मिळालेल्या चित्रांतले एक त्यांनी त्याला भेट दिले होते. त्याने ते मोबाइलवर दाखवले. रात्रीची वेळ, पावसाने ओली झालेली पायवाट, आणि एक मादी बिबट्या, तिच्यामागे दोन बछडी. तिघांपैकी कोणाचेही कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हते. एक बछडे तर जांभई देत होते.

"जातात-येतात," तो म्हणाला. "कोंबड्या मी रात्री पक्क्या खुराड्यात घालतो. कुत्रा घरात. अजून तरी भांडण नाही."

मग आम्ही तो लिफाफा काढला. त्याच्या हाती देऊन, आमच्याच्याने जमेल तशा शब्दांत, तीस वर्षांपूर्वीची क्षमा मागितली. आमच्यापैकी एकाला ती पुरती मागता आली नाही. उरलेली दुसऱ्याने मागितली. तो बराच वेळ त्या पांढऱ्या चकत्यांकडे पाहत राहिला. हे चित्र त्याने प्रदर्शनातही पाहिले नव्हते; तेव्हा त्याच्या हाताला पट्टी होती आणि तो घरी होता.

"सर, टीचर, तुम्ही त्या दिवशी मी बोलावलं म्हणून आलात," तो म्हणाला. "मीसुद्धा आजीचं ऐकलं नव्हतं."

नातू त्याच्या खांद्यावरून वाकून चित्र पाहत होता. त्याने विचारले, "काका, यात दार कुठे आहे?"

आमच्या विद्यार्थ्याने ते चित्र ओट्यावर सपाट ठेवले. उजव्या हाताची बाही थोडी वर सरकली, तो जुना वण दिसला. चित्राच्या काठाबाहेर, चार बोटे सोडून, त्याने शहाबादी फरशीवर बोट टेकवले.

"इथे," तो म्हणाला. "आणि इथे मी उभा होतो."